‘काही दिवस गेले’ या ओळीत मुक्काम: लोककथेवरच्या कादंबरीत मैत्री आणि सावकाश प्रेम कसं लिहावं

लोककथेत प्रेमाला वेळ लागत नाही. राजपुत्र तळ्याकाठी येतो, मुलगी दिसते, तो भुलतो आणि पुढच्या वाक्यात चौघडा वाजतो. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही राक्षस कधी येतो याची घाई असते. हाच ऐवज घेऊन आपण अद्भुत कादंबरी लिहायला बसतो तेव्हा पहिली ठेच इथंच लागते. आपल्याला दोन माणसं तीनशे पानांत हळूहळू जवळ आणायची असतात आणि मूळ कथा त्यांना एका दमात बोहल्यावर चढवून मोकळी झालेली असते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात दोघं तिसऱ्या प्रकरणातच एकमेकांवर भाळली. पुढची सतरा प्रकरणं त्यांना लांब ठेवण्यासाठी मी काय काय उद्योग केले ते आठवलं की अजून हसू येतं. पत्र भलत्याच्या हाती पडलं, नायकाला कारण नसताना राग आला, एका बिचाऱ्या चुलत बहिणीला उगाच आजारी पाडलं. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीनं समासात एवढंच लिहिलं, ‘ही दोघं बोलत का नाहीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्यांदाच अशी कादंबरी लिहायला घेणाऱ्यांना हा उपद्व्याप टाळता यावा म्हणून पुढच्या पायऱ्या. सोबतीला एक कच्ची कल्पना ठेवू. सावी नावाची वाटाडी आहे. रात्री अडलेल्या प्रवाशांना ती रान पार करून देते. आजवर एकदाही वाट चुकलेली नाही आणि त्याचा तिला चांगलाच तोरा आहे. त्या रानात एक चकवा आहे, माणसाला गोल गोल फिरवून पुन्हा त्याच झाडाखाली आणून सोडणारा. या दोघांचं जमवायचं आहे.

पायरी १: वेळ गेल्याची ओळ शोधा

आवडती लोककथा घ्या आणि ती दहा वाक्यांत लिहून काढा. आता त्यातलं असं वाक्य शोधा जिथं कथा काळ गिळून टाकते. ‘काही दिवस गेले’, ‘असं करता करता वर्ष सरलं’, ‘ती तिथं सुखानं राहू लागली’. तुमची कादंबरी त्या वाक्याच्या आत आहे. बाकीची नऊ वाक्यं म्हणजे तिथं पोचायचा आणि तिथून निघायचा रस्ता.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद. एकूण ऋचा १८. ती त्याला सोडून गेली आहे, तो मागे लागला आहे, आणि सगळं बोलणं तुटल्यानंतरचं आहे. दोघं एकत्र राहिली तो काळ उर्वशी एका ऋचेत उरकते: रूप पालटून मी माणसांत वावरले, चार शरदांच्या रात्री तिथं राहिले, दिवसातून एकदा तुपाचा थेंब खाल्ला. झालं. चार वर्षं, आणि हाती काय, तर एक थेंब. पण त्या थेंबाकडे जरा बघा. अप्सरेला माणसाचं अन्न जात नाही आणि तरी ती रोज काहीतरी तोंडात घालते आहे. कोण देत होतं तो थेंब? पहिल्या दिवशी कसा दिला, आणि तिसऱ्या शरदात कसा? एवढ्यावर पाच प्रकरणं उभी राहतात.

दुसरं उदाहरण फ्रेंच आहे. सौंदर्यवती आणि पशू यांची कथा मादाम द व्हिलनव यांनी १७४० मध्ये लांबलचक लिहिली आणि लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये ती आटवली. आज जगभर माहीत आहे ती ही आटीव आवृत्ती. त्यात मुलगी वाड्यात तीन महिने बऱ्यापैकी निवांत राहते आणि पशू रोज संध्याकाळी भेटायला येतो. हे तीन महिने एका परिच्छेदात संपतात. त्यातच एक सोन्यासारखा तपशील आहे: आधी त्याच्या येण्याची धास्ती वाटणारी ती आता नऊ वाजले का म्हणून घड्याळाकडे पाहू लागते. प्रेमाचा उच्चार नाही, धडधड नाही. नजर घड्याळाकडे जाते, बस.

अशा कथा शोधायच्या असतील तर लोककथांच्या जागतिक वर्गीकरणात पाहा. आर्ने यांनी सुरू केलेली, थॉम्प्सन यांनी वाढवलेली आणि उथर यांनी २००४ मध्ये नव्यानं लावलेली ही सूची कथाप्रकारांना क्रमांक देते. क्रमांक ४२५ म्हणजे हरवलेल्या नवऱ्याचा शोध, ४०० म्हणजे हरवलेल्या बायकोचा. दोन्हीत माणूस आणि माणसापलीकडचं कुणीतरी एका छपराखाली राहतात, आणि छपराखालचा काळ कथा भराभर उरकते.

पायरी २: अट ठरवा

उशीर कशामुळे होतो, याचं उत्तर कादंबरीच्या जगात असायला हवं. ते लेखकाच्या सोयीत असलं की वाचकाला लगेच वास येतो. एक चाचणी मी आता प्रत्येक वेळी करते. दोघांना मनातल्या मनात समोरासमोर बसवायचं आणि पाच मिनिटं खरं बोलू द्यायचं. तेवढ्यानं अडचण सुटली तर ती अडचणच नव्हती, गैरसमज होता. गैरसमजावर एखादं प्रकरण निघतं, कादंबरी निघत नाही.

लोककथा इथं मदतीला येते, कारण तिच्याकडे अटींचा खजिना आहे. शतपथ ब्राह्मणातल्या कथेत उर्वशीची अट आहे की राजा तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्व तिची कोकरं पळवतात, तो तसाच उठून धावतो, ते वीज चमकवतात, आणि ती नाहीशी होते. दुसऱ्या शतकातल्या लॅटिन कथेत सायकीला नवऱ्याचा चेहरा पाहायची बंदी आहे. जपानी कथेतली क्रौंच पक्षिणी सांगते, मी विणत असताना आत डोकावू नका. तिन्ही अटी पाहण्याबद्दलच्या आहेत हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आणि त्यात मोठी युक्ती आहे. अट एक दार बंद करते, म्हणून जवळीक दुसऱ्या दारानं यावी लागते. चेहरा दिसत नाही, म्हणून आवाज ओळखीचा होतो. विणताना दिसत नाही, म्हणून मागाचा खटका कान लावून ऐकला जातो. तुमची अट काय बंद करते ते एका ओळीत लिहा, आणि त्याखाली त्यामुळे काय उघडतं ते लिहा. दुसरी ओळ सुचत नसेल तर अट बदला.

सावीच्या कथेत मी अशी अट घालीन: चकवा फक्त वाट चुकलेल्यालाच भेटतो. सावी चुकत नाही. दुसऱ्या प्रकरणात धुक्यात ती पहिल्यांदा चुकते, तो भेटतो, आणि तिची नाचक्की होते. पण प्रत्येक भेटीत तो तिला रानाचा एक नवा तुकडा फिरवतो, आणि ती वाटाडी असल्यामुळे तो तुकडा तिला कायमचा पाठ होतो. तिथं ती पुन्हा चुकू शकत नाही. म्हणजे दर भेटीनं पुढच्या भेटीची जागा कमी होते. वाचक आपोआप मोजू लागतो, आता किती रान उरलं? दोघांनी पाच मिनिटं सोडा, पाच रात्री खरं बोललं तरी ही अडचण सुटत नाही. बोलायला भेटलं की रान आणखी कमी होतं.

अट पहिल्या तीन-चार प्रकरणांत वाचकाला कळली पाहिजे, दोघांनाही तिची झळ बसली पाहिजे, आणि मधेच ती सैल करायची नाही. एकदा जरी ‘त्या दिवशी कसं कोण जाणे, वाट माहीत असूनही तो दिसला’ असं लिहिलंत तर पुढची सगळी हुरहूर पाण्यात गेली.

पायरी ३: मैत्रीला मैत्रीचं काम द्या

नवे लेखक मैत्रीला प्रेमाची ओसरी समजतात. पात्रं तिथं थोडी टेकतात आणि आत कधी बोलावतात याची वाट पाहतात. फ्रेंच कथेतली मुलगी पशूला म्हणते, मी कायम तुमची मैत्रीण राहीन, तेवढ्यावर समाधान माना. मैत्री म्हणजे हुकलेल्याला दिलेलं बक्षीस. ही समजूत मनातून काढल्याशिवाय सावकाश प्रेम लिहिता येत नाही. त्यामुळे दुसरी चाचणी: कादंबरीतून प्रेम पूर्ण काढून टाका. उरलेली मैत्री वाचावीशी वाटते का?

मैत्री होते ती एकत्र केलेल्या कामातून. दोघांना एक काम द्या, आणि ते ‘जग वाचवणं’ नसलेलं बरं. सावी आणि चकवा मिळून एक हरवलेलं वासरू शोधतील. एक पडका बांध रचतील. त्याला गाठ मारता येत नसेल, ती शिकवील आणि तो दर वेळी चुकेल.

लोककथेत मदतीचा हिशोब चोख असतो. मुंगीला पाण्यातून काढलं, मुंगीनं दाणे निवडून दिले, फिटंफाट झाली. हा हिशोब सुरुवातीला तसाच वापरा. पहिल्या तीन भेटींत दोघं काटेकोर परतफेड करतील. सावीला कुणाचं ऋण ठेवायला आवडत नाही, आणि चकव्याच्या जगात ऋण राहिलं की बंधन येतं. मग एकदा कधीतरी परतफेड करायची राहून जाते. दोघांच्याही लक्षात येत नाही. आठवड्यानं सावीला आठवतं, आणि आपल्याला आठवलं नव्हतं याचंच तिला नवल वाटतं. मैत्री झाल्याचं यापेक्षा स्पष्ट सांगायची गरज नाही.

भांडणही हवं, आणि ते मतांचं. माणसाला घरी पोचवणं म्हणजे पुण्य, अशी सावीची धारणा. चकवा विचारतो, घरून पळालेल्यालाही? एका रात्री तो पळून निघालेल्या मुलीला मुद्दाम चुकवतो, म्हणजे तिच्या मागावर आलेल्यांना ती सापडत नाही. सावी संतापते, कारण त्या माणसांची वाटाडी तीच होती आणि तिची पत गेली. दोन प्रकरणं ती रानात पाऊल टाकत नाही. पण पुढे कुणी वाट विचारली की ती आधी विचारू लागते, ‘जायचंय का तुम्हाला तिथं?’ एका माणसाचा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी आला, एवढा पुरावा मला पुरतो.

तिसरं माणूसही ठेवा. डॅनिश अभ्यासक ऑलरिक यांनी लोककथेचे नियम मांडले त्यात एक असा की एका प्रसंगात सहसा दोनच पात्रं बोलती असतात. कादंबरीत हा नियम पाळत बसलात तर दोघं हवाबंद डब्यात बसल्यासारखी वाटतात. सावीची जुनी मैत्रीण हवी, जिला या भानगडीत काडीचा रस नाही आणि म्हणूनच जिला बदल सगळ्यात आधी दिसतो.

पायरी ४: तू, तुम्ही, आपण

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती असं हत्यार आहे जे पुष्कळ भाषांत नाही, आणि नवखे लेखक ते खुशाल गंजू देतात. ‘ती आता त्याच्या जवळ आली होती’ असं लिहायची गरजच पडत नाही. सर्वनाम बदला.

सरधोपट वाट म्हणजे तुम्हीवरून तू. ती चांगलीच आहे, पण लोककथेच्या जगात त्याहून मजेदार शक्यता आहेत. भुताखेताला कुणी अहो-जाहो करत नाही. सावी पहिल्या भेटीत ‘चल हट, वाट सोड’ असंच म्हणणार. हे तू तुच्छतेचं आहे. दोन-तीन भेटींनंतर तो माणसासारखा वाटू लागतो आणि तिला तू म्हणवत नाही, तुम्ही म्हणायला जीभ वळत नाही. मग ती सर्वनामच टाळते. ‘आज उशीर झाला वाटतं.’ ‘पाय दुखला की काय?’ मराठी बोलणारा प्रत्येक माणूस अशा अवघड काळातून कुणा ना कुणाबरोबर गेलेला असतो, त्यामुळे वाचकाला ते अंगावर जाणवतं. आणि मग, कादंबरीच्या मध्याच्या आसपास, पुन्हा तू. शब्द तोच, वजन वेगळं. त्यावर एक अक्षरही भाष्य करू नका.

संबोधनातले छोटे शब्द आणखी नाजूक असतात. ‘काय झालं?’ आणि ‘काय झालं गं?’ यांत अख्खं प्रकरण मावतं. चकव्याच्या तोंडी पहिलं ‘गं’ कधी येतं ते आधी ठरवून ठेवा आणि त्याआधी चुकूनही येऊ देऊ नका. माझ्या एका खर्ड्यात ते दुसऱ्याच पानावर सुटलं होतं आणि पुढची शंभर पानं मी उगाच संकोच रंगवत बसले होते.

आम्ही आणि आपण यांतला फरक तर या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. ‘आम्ही माणसं रात्री झोपतो’ यात चकवा बाहेर उभा आहे. ‘आपण उजाडेपर्यंत थांबू’ यात तो आत आला. सावीच्या तोंडचं पहिलं ‘आपण’ कुठं येतं हे मी कादंबरीचं सगळ्यात महत्त्वाचं वळण मानीन, कबुलीपेक्षाही. ते साध्या, घाईच्या वाक्यात यावं. पाऊस येतोय, आपण त्या कपारीत जाऊ. म्हणून झाल्यावर ती क्षणभर गप्प होते की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तिला गप्प करणार नाही.

तुमचं पात्र रूप बदलणारं असेल आणि ते स्त्री की पुरुष हे लपवायचं असेल तर मराठी अडवते, कारण ‘मी आलो, आले’ किंवा ‘मी येतो, येते’ यांत लिंग उघडं पडतं. पण ‘मी येईन’, ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘मी जाऊ?’ यांत पडत नाही. एवढ्याच रूपांत बोलणारं पात्र थोडं विचित्र ऐकू येतं, आणि या जगाला ते शोभतं.

भावनांच्या शब्दांचीही चढण लावून ठेवा: ओळख, सलगी, लळा, जिव्हाळा, ओढ. निवेदनात ‘प्रेम’ हा शब्द मी शेवटच्या चौथाईपर्यंत बंद ठेवते. बंदी घातली की पर्याय शोधावा लागतो, आणि शोधताना कृती सापडते.

पायरी ५: भेटींची वही

कंटाळवाणं काम, पण टाळू नका. साधारण ८०,००० शब्दांच्या कादंबरीत दोघांच्या वीस-बावीस भेटी मला पुरेशा वाटतात. प्रत्येक भेटीसाठी वहीत चार गोष्टी लिहा: काय घडलं, कुणाला काय नवं कळलं, काय आता परत फिरवता येणार नाही, आणि दोघांमधलं अंतर किती. अंतर खरोखरचं, हातांत मोजलेलं. सावीच्या वहीतल्या काही नोंदी अशा असतील:

भेट २. धुकं. ती दिव्याच्या उजेडात, तो उजेडाबाहेर. नऊ हात. तिला कळलं की तो खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच सांगतो. परत न फिरणारं: आपण चुकलो होतो हे तिनं कबूल केलं.

भेट ७. वासरू. दोरीचं एक टोक तिच्या हाती, एक त्याच्या. चार हात. तो पहिल्यांदा हसला, तिला ते आवडलं नाही. परत न फिरणारं: तिनं त्याला नाव ठेवलं, भुल्या.

भेट १३. बांध. दोघं एकाच दगडाला हात लावून. स्पर्श नाही. त्याला कळलं की वाट पाठ झाली की तो भाग संपतो, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी ती येत राहिली.

तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही तर ती भेट काढून टाका, कितीही गोड असली तरी. सावकाश म्हणजे थांबलेलं नव्हे. वाचक मंद गतीला कंटाळत नाही, एकाच जागी पाय आपटण्याला कंटाळतो. ओठ जवळ येतात आणि तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावतं, हा प्रकार एका कादंबरीत एकदा चालतो. दुसऱ्यांदा वाचकाला दार ठोठावणारा लेखक दिसतो.

लोककथेची तीन वेळा सांगायची खोड इथं फार कामी येते. एकच कृती तीनदा आणा आणि तिसऱ्यांदा ती बदला. प्रत्येक भेटीच्या शेवटी सावी विचारते, ‘वाट कुठली?’ आणि तो चुकीची वाट दाखवतो, कारण त्याचा स्वभावच तो. पहिल्यांदा ती चिडते. दुसऱ्यांदा, चुकीची आहे हे ओळखून, ती उलट्या वाटेनं बरोबर घरी जाते आणि खूश होते. तिसऱ्यांदा ती चुकीची आहे हे ओळखूनही त्याच वाटेनं निघते. काय बदललं ते सांगत बसायची गरज उरत नाही, तापमान वाचकाला स्वतःच मोजता येतं.

पायरी ६: कातडं कुणाकडे आहे?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर सीलचं कातडं उतरवून बाई होणाऱ्या सेल्कींच्या कथा सांगतात. माणूस कातडं चोरतो, लपवतो, तिच्याशी संसार मांडतो. वर्षांनी तिला कातडं सापडतं आणि ती समुद्रात निघून जाते. हंसकन्यांच्या कथांत पिसांचं तेच. सांगणारे याला पुष्कळदा प्रेमकथा म्हणतात. मला ती चोरीची आणि कैदेची कथा वाटते, आणि तिचा शेवट मला नेहमीच सुखाचा वाटत आला आहे.

आजच्या कादंबरीत हा प्रश्न चुकवता येत नाही. एक जण तीनशे वर्षांचा, दुसरी एकवीसची. एकाच्या हातात शाप, दुसऱ्याच्या हातात काही नाही. अशा वेळी प्रेम सावकाश आहे एवढ्यानं ते न्याय्य ठरत नाही; कैदेतही माणसाला पहारेकऱ्याची सवय होते. साधा नियम: जाण्याचा रस्ता उघडा असताना ती थांबली, हे कबुलीच्या बरंच आधी दिसलं पाहिजे. कातडं परत द्या, आणि कादंबरीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच द्या. मग कथा सुरू होते. सावीच्या बाबतीत ती मोकळीच आहे, अडकलेला आहे तो. रान पूर्ण कळलं तर त्याला भेटायला कुणी उरत नाही, म्हणजे सत्ता तिच्याकडे आहे, आणि ती ती कशी वापरते हे दाखवावं लागेल. मी तिच्याकडून एकदा वाईट वापर करून घेईन. रागाच्या भरात ती रानाचा एक मोठा पट्टा मुद्दाम, दिवसाउजेडी, नकाशा काढत पाठ करते. या एका प्रकरणासाठी मी बाकीची कादंबरी लिहायला तयार आहे.

पायरी ७: कबुली आणि त्यानंतर

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुत कथांची ३१ कार्यं, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक घडामोडी, मांडली. शेवटचं, ३१ वं कार्य आहे लग्न आणि राज्यारोहण. प्रेमात पडणं हे कार्य त्या यादीत नाहीच. लोककथेला त्याची गरज पडत नाही. जो राक्षस मारतो त्याला राजकन्या मिळते. म्हणजे कबुलीचा प्रसंग तुम्हाला आयता कुठूनही मिळणार नाही, तो तुमच्याच अटीतून काढावा लागेल.

कबुली छोटी ठेवा. इतकी पानं थांबलेल्या वाचकाला भाषण नको असतं. आणि ती अटीच्या भाषेत बोलू द्या. रानाचा शेवटचा तुकडा उरला आहे. सावी विचारते, ‘वाट कुठली?’ आणि चकवा पहिल्यांदाच, आयुष्यात एकदाच, बरोबर वाट दाखवतो. त्यासाठी त्याला काय मोजावं लागलं ते तिला माहीत आहे. तेवढ्यात सगळं आलं.

अट इथं मोडते, आणि मोडल्याची किंमत खरी लागली पाहिजे. पण माझी तक्रार पुढच्याबद्दल आहे. बहुतेक कादंबऱ्या कबुलीनंतर दोन पानांत आवरतात, जणू दोन माणसांना एकमेकांबद्दल आणखी काही कळायचं शिल्लकच नाही. निदान दोन-तीन प्रकरणं ठेवा. वाट चुकवण्याचा स्वभाव गेलेला चकवा सकाळी काय करतो? रानाबाहेर त्याला ऊन सोसतं का? भुल्या आता कुठल्याच वाटेवर चुकवू शकत नाही, आणि सावीला कधी कधी चुकायची हुक्की येते. मैत्री इथं पुन्हा कामाला लागते. गाठ मारायला तो अजून शिकलेला नसतोच.

पायरी ८: फेरवाचन

खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग बाकी सगळं सोडून फक्त दोघांच्या भेटी क्रमानं वाचा, मोठ्यानं. राजकारण, युद्ध, शापाचा उगम, काही नको. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका रंगानं प्रत्येक सर्वनाम आणि ‘गं, रे’ यांखाली रेघ मारा. घसरलेलं ‘तू’ आणि आधीच सुटलेलं ‘आपण’ लगेच सापडेल. दुसऱ्या रंगानं हृदय, श्वास, डोळे, ओठ आणि लाल होणारे गाल. हे शब्द जिथं गर्दी करतात तिथं सहसा घडत काहीच नसतं. माझ्या खर्ड्यात एकदा एका प्रकरणात अकरा वेळा श्वास रोखला गेला होता. माणूस गुदमरला असता. तिसऱ्या रंगानं निवेदकानं नात्याबद्दल केलेलं प्रत्येक विधान, म्हणजे ‘तिला आता त्याची सवय झाली होती’ या जातीची वाक्यं. ती एकेक करून झाका आणि प्रसंग पुन्हा वाचा. झाकूनही कळत असेल तर वाक्य जाऊ द्या. कळत नसेल तर वाक्य तसंच राहू द्यायचं नाही, प्रसंगाकडे परत जायचं: दोरी कुणाच्या हातात होती, दिवा किती लांब होता, आणि ती त्या रात्री नेहमीपेक्षा किती उशिरा घरी निघाली.